पाकिस्तानातील धर्मस्वातंत्र्य आणि अल्पसंख्याकांची कायदेशीर स्थिती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्लामी राज्यात बिगरमुसलमानांना कोणते अधिकार असतात, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर कायद्याचे एकही कलम न वाचता दिले जाते. कोणी सांगतो की तिथे अल्पसंख्याकांना कसलेच अधिकार नाहीत. कोणी राज्यघटनेतील एखादे कलम दाखवून सगळे आलबेल असल्याचा निर्वाळा देतो. दोन्ही उत्तरांनी तिथल्या माणसांवर अन्यायच होतो. पुढील उत्तरे पाकिस्तानपुरती आहेत, कारण त्या देशाचे कायदे, घटनादुरुस्त्या आणि न्यायनिर्णय यांची नोंद तपशिलाने उपलब्ध आहे आणि त्या कायद्यांचे मूळ आपल्याही कायद्यांच्या मुळाशी जोडलेले आहे.

इस्लामी राज्यांचा अल्पसंख्याकांविषयीचा कायदा सगळीकडे सारखाच असतो का?

नाही. इराणच्या राज्यघटनेचे तेरावे कलम झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती या तीनच धार्मिक अल्पसंख्याकांना मान्यता देते. बहाई पंथीयांना तशी मान्यता मिळालेली नाही. सौदी अरेबियात इस्लामखेरीज अन्य धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही. मलेशियात इस्लाम हा संघराज्याचा धर्म असूनही अन्य धर्म शांततेने पाळता येतील, असे घटनेतच लिहिले आहे. पाकिस्तान या सर्वांहून वेगळा आहे : इंग्रजी अमदानीतले कायदे, लिखित मूलभूत हक्क आणि शरियतशी (इस्लामी धर्मकायद्याशी) सुसंगतीची अट, अशा तीन थरांवर तिथली व्यवस्था उभी आहे.

पाकिस्तानात बिगरमुसलमानांकडून जिझिया घेतला जातो का?

नाही, आणि हा गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. पूर्वीच्या इस्लामी राजवटींत बिगरमुसलमान प्रजेला ‘जिम्मी’ म्हणजे संरक्षित प्रजा मानून तिच्याकडून जिझिया घेतला जाई. लष्करी सेवेतून सूट आणि जीवितवित्ताचे रक्षण हा त्याचा मोबदला समजला जाई. पाकिस्तानच्या कोणत्याही कायद्याने असा कर बसवलेला नाही. उलट घटनेचे एकविसावे कलम असे सांगते की स्वतःच्या धर्माखेरीज अन्य धर्माच्या प्रसारासाठी खर्च होणारा विशेष कर कोणावरही लादता येणार नाही. १९८० च्या अध्यादेशानुसार सरकार बँक खात्यांतून जकात (मुसलमानांनी द्यायचे धार्मिक दान) कापून घेऊ लागले, तेही फक्त मुसलमान खातेदारांकडून. २००९ मध्ये ओरकझई भागात तालिबानने शीख कुटुंबांकडे जिझिया मागितला आणि तो न दिल्याबद्दल त्यांची घरे पाडली, ही घटना खरी आहे. पण ती राज्याच्या कायद्याविरुद्ध बंड करणाऱ्या सशस्त्र टोळीची कृती होती. राज्य त्या कुटुंबांचे रक्षण करू शकले नाही, हा दोष राज्याकडे जातोच, परंतु तो जिझिया लावण्याच्या दोषाहून निराळा आहे.

तिथे अल्पसंख्याक किती आहेत आणि कोण आहेत?

२०२३ च्या जनगणनेनुसार सुमारे चोवीस कोटी लोकसंख्येत ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान आहेत. हिंदूंची संख्या, अनुसूचित जातींसह, ५० लाखांच्या थोडी वर आहे आणि ख्रिस्ती लोक सुमारे ३३ लाख आहेत. शीख आणि पारशी समाज काही हजारांतच मोजावे लागतात. बहुसंख्य हिंदू सिंधमध्ये राहतात. उमरकोट जिल्ह्यात तर हिंदूंचेच बहुमत आहे. ख्रिस्ती प्रामुख्याने पंजाबात आहेत.

जनगणनेत ‘हिंदू’ आणि ‘अनुसूचित जाती’ असे दोन वेगळे रकाने असतात. सिंधमधील भिल्ल, कोळी, मेघवार या समाजांतील असंख्य कुटुंबे जमीनदारांच्या शेतावर राबतात आणि त्यांच्या अडचणींचे मूळ केवळ धर्मात शोधून भागत नाही. कर्ज, वेठबिगारी आणि जात ही तिन्ही त्यात गुंतलेली आहेत. कराचीतला हिंदू व्यापारी आणि थरपारकरचा कोळी शेतमजूर यांना लागू होणारा कायदा एकच आहे, पण पोलीस ठाण्याच्या पायरीवर दोघांना मिळणारी वागणूक एक नसते. पुढील प्रत्येक उत्तर वाचताना हे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्राचा या विषयाशी काही संबंध आहे का?

आहे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील सिंधमधली सर्वांत जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी हिंदूंसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. त्या शहरातल्या घराघरांत हा विषय पुस्तकी नाही. याखेरीज कायद्याचे नातेही आहे : भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांना १८६० ची तीच दंडसंहिता वारशाने मिळाली.

जीनांनी तर सर्व धर्मीयांना समान नागरिकत्वाचे आश्वासन दिले होते. मग इस्लामी प्रजासत्ताक कसे झाले?

११ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत संविधान सभेपुढे बोलताना महंमद अली जीनांनी सांगितले होते की नागरिकांनी आपापल्या मंदिरांत वा मशिदींत जायला मोकळे आहोत असे समजावे आणि कोणाचा धर्म कोणता याच्याशी राज्यकारभाराला कर्तव्य नाही. आदल्या दिवशी त्याच सभेचे तात्पुरते अध्यक्षपद जोगेंद्रनाथ मंडल या बंगाली दलित नेत्याने भूषवले होते आणि देशाचे पहिले कायदामंत्रीही तेच झाले. तीन वर्षांनी, १९५० मध्ये, पूर्व बंगालमधील हिंदूंवरील अत्याचारांचे तपशील देणारे प्रदीर्घ पत्र लिहून त्यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात आले.

मधल्या काळात जीनांचे निधन झाले होते आणि १२ मार्च १९४९ रोजी लियाकत अली खान यांनी मांडलेला ‘उद्दिष्टांचा ठराव’ संमत झाला होता. सार्वभौमत्व अल्लाहचे आहे आणि मुसलमानांना कुराण व सुन्ना (प्रेषितांचे आचार-विचार) यांप्रमाणे जीवन जगता येईल अशी व्यवस्था राज्य करील, असे तो ठराव म्हणतो. पूर्व बंगालमधील हिंदू सदस्यांनी, विशेषतः श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रकुमार दत्त यांनी, त्याला सभागृहात कसून विरोध केला. राज्याचा पाया एका धर्मावर ठेवला तर बाकीच्यांचे नागरिकत्व आपोआप दुय्यम ठरते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्यांच्या दुरुस्त्या २१ विरुद्ध १० मतांनी फेटाळल्या गेल्या. त्या दहा जणांनी केलेली मांडणी वाचताना पुढची पन्नास वर्षे त्यांना दिसत होती की काय, असे वाटून जाते.

याच ठरावातील एका शब्दाची कथा सांगण्यासारखी आहे. अल्पसंख्याकांना आपला धर्म ‘मोकळेपणाने’ पाळता येईल अशी पुरेशी तरतूद केली जाईल, असे मूळ ठरावात होते. १९८५ मध्ये जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत हा ठराव कलम २-अ च्या रूपाने घटनेचा बंधनकारक भाग झाला, तेव्हा परिशिष्टात छापलेल्या मजकुरातून नेमका ‘मोकळेपणाने’ हाच शब्द गळाला. पंचवीस वर्षे घटना त्या शब्दाविना वाचली गेली. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने तो परत आणला.

आजची राज्यघटना अल्पसंख्याकांना काय देते?

कागदावर बरेच काही देते. १९७३ च्या राज्यघटनेचे विसावे कलम प्रत्येक नागरिकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही अधिकार देते, तर प्रत्येक पंथाला स्वतःच्या संस्था स्थापून चालवण्याची मुभा देते. बाविसावे कलम सांगते की शिक्षणसंस्थेत कोणालाही परधर्माचे शिक्षण घेण्याची सक्ती करता येणार नाही. पंचविसावे कलम समानतेचे आहे. छत्तिसावे कलम अल्पसंख्याकांच्या न्याय्य हितसंबंधांचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. कलम २२७ प्रमाणे सर्व कायदे कुराण आणि सुन्ना यांच्याशी सुसंगत असले पाहिजेत; मात्र त्याच कलमाने बिगरमुसलमानांचे वैयक्तिक कायदे या अटीतून वगळले आहेत.

परंतु विसाव्या कलमाची सुरुवात कशी होते ते पाहावे. भारताच्या घटनेतील पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील अन्य तरतुदी यांची मर्यादा घालते. पाकिस्तानच्या विसाव्या कलमात सुव्यवस्था आणि नीतिमत्ता यांच्या आधी ‘कायद्याच्या अधीन राहून’ असे शब्द आहेत. सामान्य कायद्याने मूलभूत हक्काला किती कात्री लावता येईल, हा सगळा वाद या तीन शब्दांभोवती फिरत आला आहे आणि माझ्या मते अल्पसंख्याकांच्या कायदेशीर दुबळेपणाचे सर्वांत मोठे कारणही तेच आहे.

घटनेनेच कोणती पदे बिगरमुसलमानांना नाकारली आहेत?

राष्ट्राध्यक्षपद आणि पंतप्रधानपद. कलम ४१ आणि कलम ९१ यांनी या दोन्ही पदांसाठी मुसलमान असणे सक्तीचे केले आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय सभेतील (संसदेच्या खालच्या सभागृहातील) एका ख्रिस्ती सदस्याने ही अट काढण्यासाठी विधेयक आणण्याचा प्रयत्न केला, पण ते दाखलही होऊ शकले नाही. समानतेचे कलम आणि हे दोन अपवाद एकाच घटनेत शेजारी नांदतात. ही पदे कोणा हिंदूला वा ख्रिस्ती माणसाला व्यवहारात मिळण्याची शक्यता तशीही नव्हती, असा युक्तिवाद काही जण करतात. तो मला पटत नाही. पद मिळेल की नाही ही राजकारणाची गोष्ट आहे, ते मागण्याचाच अधिकार नसणे ही नागरिकत्वाची प्रत ठरवणारी गोष्ट आहे.

मग बिगरमुसलमान न्यायाधीश होऊ शकतात का?

होऊ शकतात आणि झालेही आहेत. ए. आर. कॉर्नेलियस हे ख्रिस्ती न्यायमूर्ती १९६० ते १९६८ या काळात पाकिस्तानचे सरन्यायाधीश होते. पारशी न्यायमूर्ती दोराब पटेल यांनी १९८१ मध्ये झियांच्या हंगामी घटनात्मक आदेशाखाली शपथ घेण्यास नकार देऊन पद सोडले. राणा भगवानदास या हिंदू न्यायमूर्तींनी २००७ मध्ये, देशात न्यायसंस्थेचा मोठा पेच उभा असताना, प्रभारी सरन्यायाधीश म्हणून काम पाहिले.

तरीही काही दारे बंद आहेत. कायदे शरियतशी सुसंगत आहेत की नाहीत हे ठरवणाऱ्या संघीय शरियत न्यायालयात न्यायाधीश मुसलमानच असावा लागतो आणि अशा प्रकरणात बाजू मांडणारा वकीलही मुसलमान असावा लागतो. १९७९ च्या हुदूद अध्यादेशांनुसार आरोपी मुसलमान असेल तर हद्दची, म्हणजे शरियतने ठरवून दिलेली, शिक्षा देण्यासाठी लागणारे साक्षीदार मुसलमान पुरुषच असले पाहिजेत. म्हणजे एखाद्या ख्रिस्ती माणसाने गुन्हा प्रत्यक्ष पाहिला असला, तरी त्या विशिष्ट शिक्षेपुरती त्याची साक्ष मोजली जात नाही.

निवडणुकीत मतदान कसे होते?

१९८५ पासून झियांनी विभक्त मतदारसंघ आणले : हिंदूंनी हिंदू उमेदवारालाच, ख्रिस्ती मतदारांनी ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्यायचे. त्यामुळे गावातल्या मुसलमान आमदाराला या मतांची गरजच उरली नाही आणि मत नाही तिथे रस्ता नाही, पाणी नाही, फिर्याद नोंदवून घेण्यासाठी कोणाचा फोन नाही, अशी अवस्था झाली. २००२ मध्ये संयुक्त मतदारसंघ परत आले. राष्ट्रीय सभेत दहा आणि सिनेटमध्ये चार जागा बिगरमुसलमानांसाठी राखीव आहेत. राष्ट्रीय सभेच्या राखीव जागा पक्षांना मिळालेल्या जागांच्या प्रमाणात त्यांच्या याद्यांमधून भरल्या जातात. त्यामुळे तिथला सदस्य आपल्या समाजाला नव्हे तर पक्षश्रेष्ठींना उत्तरदायी असतो आणि यादीत बहुधा सधन, उच्चवर्णीय नावे वर येतात, अशी अनुसूचित जातींची जुनी तक्रार आहे. २०१८ मध्ये थरपारकरच्या कृष्णाकुमारी कोहली सिनेटवर निवडून गेल्या, त्याचे अप्रूप या पार्श्वभूमीवर समजते.

अहमदिया पंथाचा प्रश्न वेगळा का मानला जातो?

कारण बाकी अल्पसंख्याकांना राज्य त्यांनी सांगितलेली ओळख तरी मान्य करते. अहमदी, म्हणजे मिर्झा गुलाम अहमद यांना मानणाऱ्या पंथाचे अनुयायी, स्वतःला मुसलमान म्हणवतात. सप्टेंबर १९७४ मधील दुसऱ्या घटनादुरुस्तीने त्यांना बिगरमुसलमान ठरवले. ती दुरुस्ती लष्करशहाने लादलेली नव्हती; झुल्फिकार अली भुट्टो यांच्या काळात लोकनियुक्त सभागृहाने ती एकमताने संमत केली, हे विसरता येत नाही. एप्रिल १९८४ च्या विसाव्या अध्यादेशाने दंडसंहितेत २९८-ब आणि २९८-क ही कलमे घातली. अहमदी व्यक्तीने स्वतःला मुसलमान म्हटले, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटले, अजान दिली किंवा आपल्या धर्ममताचा प्रचार केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

याला घटनेच्या विसाव्या कलमाच्या आधारे आव्हान दिले गेले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अध्यादेश वैध ठरवला. व्यापारचिन्हाचे जसे कायद्याने रक्षण होते आणि दुसऱ्याचे नाव वापरून माल विकणाऱ्याला शिक्षा होते, तसेच धर्माच्या विशिष्ट संज्ञांचेही रक्षण करता येते, असा दाखला बहुमताच्या निकालात दिला गेला. श्रद्धेची तुलना दुकानाच्या पाटीशी करणारा हा तर्क कायद्याच्या कोणत्याही अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. न्यायमूर्ती शफीउर रहमान यांनी भिन्नमत नोंदवले होते.

पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की आपल्या प्रार्थनास्थळाच्या चार भिंतींच्या आत अहमदींना त्यांचा धर्म पाळण्यापासून रोखता येणार नाही. २०२४ मध्ये तशाच आशयाचा आणखी एक निर्णय सरन्यायाधीश काझी फाएज ईसा यांच्या पीठाने दिला, तेव्हा देशभर निदर्शने झाली, सरन्यायाधीशांना धमक्या आल्या आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने आपल्याच निकालातील वादग्रस्त परिच्छेद वगळले. १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या कबरीवरील ‘मुसलमान’ हा शब्दसुद्धा पुसला गेला, यावरून कायद्याचा हात कुठवर पोहोचतो ते कळते. मतदार यादीतही अहमदींची नोंद आजतागायत वेगळी होते.

ईशनिंदेचा कायदा नेमका काय आहे? तो झियांनीच केला का?

पूर्णपणे नाही. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दलचे २९५-अ हे कलम इंग्रजांनी १९२७ मध्ये, लाहोरमधील एका प्रकरणानंतर, घातले. भारतीय दंडसंहितेतही ते होते आणि आता ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. ते कोणत्याही धर्माच्या बाजूने लागू होते आणि त्यात हेतू सिद्ध करावा लागतो. झियांच्या काळात भर पडली ती अशी : १९८० मध्ये प्रेषितांचे कुटुंबीय व सहकारी यांच्या अवमानाबद्दलचे २९८-अ, १९८२ मध्ये कुराणाच्या विटंबनेबद्दल जन्मठेप देणारे २९५-ब आणि १९८६ मध्ये प्रेषितांच्या अवमानाबद्दल मृत्युदंड किंवा जन्मठेप देणारे २९५-क. ऑक्टोबर १९९० मध्ये संघीय शरियत न्यायालयाने जन्मठेपेचा पर्याय शरियतविरोधी ठरवला, तेव्हापासून २९५-क खाली मृत्युदंड हीच शिक्षा उरली.

जुन्या कलमात आणि नव्या कलमात शिक्षेच्या तीव्रतेइतकाच महत्त्वाचा आणखी एक भेद आहे. २९५-क च्या शब्दांत हेतूचा उल्लेख नाही. थेट, आडून, सूचक बोलण्याने, अशा कोणत्याही रीतीने अवमान झाला की पुरे. शिवाय नवी कलमे इस्लामच्याच पूज्य व्यक्ती व ग्रंथ यांच्यासाठी आहेत. आणि या कलमाखालील खटला चालवणारा सत्र न्यायाधीश मुसलमान असावा लागतो.

या कायद्याखाली आजवर कोणालाही फाशी झालेली नाही, असे म्हणतात. मग एवढी भीती का?

न्यायालयाच्या आदेशाने फाशी झालेली नाही, हे खरे आहे. पण आरोप झाला की शिक्षा त्याच दिवसापासून सुरू होते.

आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर स्त्रीचे प्रकरण यासाठी बारकाईने पाहावे. जून २००९ मध्ये पंजाबातल्या एका खेड्यात फालसे (एक लहान आंबटगोड फळ) तोडताना तिने आणलेल्या पाण्याला हात लावण्यावरून सोबतच्या मुसलमान बायकांशी वाद झाला. (ख्रिस्ती स्त्रीच्या हातचे पाणी न चालणे ही शिवाशीवच आहे आणि ती कोणत्या समाजव्यवस्थेतून आली हे मराठी वाचकाला सांगायला नको.) काही दिवसांनी गावच्या मौलवीच्या फिर्यादीवरून तिला अटक झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या आणि दोन महिन्यांच्या आत, २ मार्चला, अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाज भट्टी यांचीही हत्या झाली. मारेकरी अंगरक्षकावर न्यायालयाच्या आवारात फुले उधळली गेली. त्याला २०१६ मध्ये फाशी झाली, हेही नोंदवले पाहिजे.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसिया बीबीची निर्दोष मुक्तता केली. साक्षींमधील विसंगती इतकी उघड होती की हा निकाल खालच्याच न्यायालयात लागायला हवा होता. तो तिथे का लागला नाही, याचे उत्तर १९९७ मध्ये मिळाले होते : ईशनिंदेच्या खटल्यात दोन ख्रिस्ती आरोपींना सोडणारे लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांची निवृत्तीनंतर त्यांच्या कार्यालयात हत्या झाली. २०१४ मध्ये मुलतानचे वकील राशिद रहमान यांना जुनैद हाफीज या मुसलमान प्राध्यापकाचे वकीलपत्र घेतल्याबद्दल मारले गेले. हाफीज यांना २०१९ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. म्हणजे हा कायदा केवळ अल्पसंख्याकांना छळतो असेही नाही. आरोपींमध्ये मुसलमानांची संख्या मोठी आहे. मात्र आरोपी मुसलमान असेल तर संकट बहुधा त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर येते. आरोपी ख्रिस्ती असेल तर संपूर्ण वस्ती जळते. १६ ऑगस्ट २०२३ रोजी फैसलाबादजवळच्या जडांवाला येथे वीसहून अधिक चर्च आणि कित्येक घरे एका दिवसात जाळली गेली.

कायदा सौम्य करण्याचे काही प्रयत्न झाले का?

फौजदारी प्रक्रियेत २००४ मध्ये अशी दुरुस्ती झाली की २९५-क चा तपास पोलीस अधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करू नये. तिचा हेतू चांगला होता. पण गावात जमाव जमलेला असतो तेव्हा फिर्याद ठाणेदारच लिहून घेतो.

हिंदूंच्या विवाहाला कायद्याची मान्यता आहे का?

आता आहे, मात्र ती यायला स्वातंत्र्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे लागली. तोवर हिंदू विवाहाची नोंदणी करणारा कायदाच नव्हता. त्याचे परिणाम फार साधे आणि फार क्रूर होते : विधवेला पतीच्या खात्यातले पैसे काढताना आपण त्याची पत्नी होतो हे सिद्ध करता येत नसे, ओळखपत्रावर पतीचे नाव लावता येत नसे आणि एखाद्या विवाहित स्त्रीला पळवून तिचा निकाह लावला तर तिचा आधीचा विवाह न्यायालयात दाखवायला कागद नसे. सिंधने २०१६ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि २०१७ मध्ये उर्वरित प्रांतांसाठी हिंदू विवाह कायदा आला. विवाहाचे किमान वय अठरा ठरले, नोंदणी सक्तीची झाली, विधवेला पुनर्विवाहाचा अधिकार मिळाला. पती वा पत्नीने धर्मांतर केल्यास विवाह संपुष्टात आणता येण्याच्या तरतुदीवर हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता. विवाहित स्त्रीच्या अपहरणानंतर हीच पळवाट ठरेल, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही.

सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा आहे का?

स्वतंत्र असा कायदा नाही. सिंध विधानसभेने नोव्हेंबर २०१६ मध्ये तो एकमताने संमत केला होता. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे धर्मांतर ग्राह्य धरू नये आणि सज्ञान व्यक्तीला विचार करण्यासाठी एकवीस दिवसांचा अवधी मिळावा, या त्यातील दोन तरतुदींवर धार्मिक पक्ष संतापले आणि विधेयकाला राज्यपालांची संमती मिळाली नाही. २०२१ मध्ये केंद्रातील तशाच विधेयकाचा मसुदा संसदीय समितीने नाकारला.

घोटकी, उमरकोट, मीरपूरखास या भागांतून जी प्रकरणे न्यायालयात येतात त्यांची रीत ठरलेली असते. मुलगी घरातून नाहीशी होते; काही दिवसांत धर्मांतराचा दाखला आणि निकाहनामा हजर होतो; आईवडील ती पंधरा वर्षांची असल्याचे सांगतात, दुसरा पक्ष ती एकोणीस वर्षांची असल्याचे सांगतो; जन्मनोंद नसल्यामुळे वय डॉक्टरांच्या अंदाजावर ठरते; आणि मुलगी न्यायाधीशांपुढे, आपण स्वखुशीने आलो, असे सांगते. काही मुली खरोखरच स्वखुशीने गेलेल्या असतात, हे मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये घोटकीच्या दोन बहिणींच्या गाजलेल्या प्रकरणात इस्लामाबाद उच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने सक्ती झाली नसल्याचा निष्कर्ष काढला होता. परंतु ज्या घरात ती राहते आहे त्याच घरातल्या माणसांनी न्यायालयात आणलेल्या मुलीचा जबाब मुक्त मानावा का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

सिंधच्या २०१३ च्या कायद्याने विवाहाचे किमान वय अठरा केले आहे आणि मे २०२५ मध्ये इस्लामाबाद क्षेत्रासाठीही तसाच कायदा झाला. वयाची अट मोडल्याबद्दल शिक्षा आहे, पण मुलगी वयात आली असेल तर निकाह मात्र वैध, अशी भूमिका न्यायालयांनी अनेकदा घेतली आहे. गुन्हा सिद्ध होऊनही गुन्ह्याचे फळ गुन्हेगाराकडेच राहते.

धर्मांतर केलेल्या व्यक्तीला मूळ धर्मात परत येता येते का?

इस्लाम सोडण्याबद्दल शिक्षा सांगणारे कलम पाकिस्तानच्या दंडसंहितेत नाही. तरीही मुसलमान म्हणून झालेली नोंद बदलून घेणे जवळजवळ अशक्य असते आणि परत फिरलेल्या व्यक्तीच्या जिवाला धोका असतो. दबावाखाली कलमा (इस्लाम स्वीकारण्याचे वचन) वाचलेल्या मुलीसाठी याचा अर्थ असा की त्या दाराला आतून कडी नाही आणि बाहेरून कुलूप आहे.

मंदिरे आणि गुरुद्वारे कोणाच्या ताब्यात आहेत?

फाळणीत निघून गेलेल्यांची बहुतेक धर्मस्थळे आणि त्यांच्या जमिनी निर्वासित मालमत्ता मंडळाच्या ताब्यात आहेत. १९५० च्या नेहरू–लियाकत करारात दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांना समान नागरिकत्वाचे वचन दिले होते. धर्मस्थळांच्या जपणुकीची अपेक्षाही त्यातूनच येते. भारतातून कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्याकडे जाणारा मार्ग ९ नोव्हेंबर २०१९ रोजी खुला झाला, ही त्या दिशेची मोठी गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये करक जिल्ह्यातील टेरी येथे परमहंस महाराज या हिंदू संताची समाधी जमावाने जाळली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दखल घेतली, सरकारी खर्चाने ती पुन्हा बांधण्याचा आणि तो खर्च दोषींकडून वसूल करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी दिवाळीत सरन्यायाधीश गुलझार अहमद स्वतः तिथे गेले.

न्यायालयाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता?

१९ जून २०१४ चा. सप्टेंबर २०१३ मध्ये पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर आत्मघाती स्फोट झाले आणि ऐंशीच्या आसपास माणसे मेली. त्यातून सुरू झालेल्या प्रकरणात सरन्यायाधीश तसद्दुक हुसैन जिलानी यांनी विसाव्या कलमाचा आजवरचा सर्वांत उदार अर्थ लावला : धर्म मानण्याचा अधिकार समूहाइतकाच एकेका व्यक्तीचा आहे, त्या व्यक्तीच्या स्वतःच्या समाजाविरुद्धही तो तिला आहे, आणि प्रसाराचा अधिकार केवळ मुसलमानांचा नाही. धर्मस्थळांच्या रक्षणासाठी विशेष पोलीस दल, अल्पसंख्याक हक्कांसाठी राष्ट्रीय परिषद, सहिष्णुता शिकवणारा अभ्यासक्रम, नोकऱ्यांतील पाच टक्के राखीव जागांची अंमलबजावणी आणि समाजमाध्यमांवरील द्वेषपूर्ण मजकुराला आळा, असे आदेश दिले. त्यांची तामिली होत नाही हे पाहून २०१९ मध्ये न्यायालयाला एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला, आणि त्याच्या अहवालांवर त्यानंतरही अनेक वर्षे सुनावण्या होत राहिल्या. दरम्यान राखीव पाच टक्क्यांतल्या अनेक जागा रिकाम्या राहतात आणि ज्या भरतात त्यांतल्या पुष्कळशा सफाई कामगारांच्या असतात. सफाईच्या कामासाठी फक्त बिगरमुसलमानांनीच अर्ज करावा, असे लिहिलेल्या जाहिराती सरकारी कार्यालयांनी या निकालानंतरही छापल्या आहेत.